नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी जुन्याचं तापमान बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा आटोपल्या की नाशिकच्या कॉलेज रोड, महात्मा गांधी रोडपासून सिडको-सातपूरपर्यंतच्या संगणक दुकानांत एकच मागणी सुरू होते : ‘गेम अडकतोय, कार्ड बदलून द्या.’ मुलगा सांगतो, पालक पाकीट काढतात आणि पुष्कळदा कॅबिनेटचं झाकणही न उघडता नव्या ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाचा, भाव सांगितला जातो. घरातल्या महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम एकही आकडा न मोजता जाते, याचं आम्हा दुरुस्तीचं काम करणाऱ्यांना मनापासून वाईट वाटतं. मोजल्याशिवाय कार्ड घेऊ नका आणि दुकानदारांनीही मोजल्याशिवाय विकू नये, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मोजायला काही विकत आणावं लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात जीपीयू (ग्राफिक्सची चिप) निवडलं की कार्ड किती टक्के राबतंय ते दिसतं आणि वेगळं कार्ड असेल तर बहुधा तापमानही दिसतं. चिपचा वेगही पाहायचा असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर हा फुकट प्रोग्राम घ्या. कोणत्याही कंपनीच्या कार्डावर तो चालतो आणि खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतो. गेम किमान वीस मिनिटं चालू ठेवा. दोन मिनिटांच्या चाचणीत काहीच कळत नाही, कारण हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, पुरता तापायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात. दुकानातल्या काउंटरवर गेम छान चालतो आणि घरी आणल्यावर अर्ध्या तासात रडतो, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

आता ते आकडे वाचायचे कसे? कार्ड ९५ टक्क्यांच्या वर राबतंय, वेग शेवटपर्यंत टिकून आहे आणि तापमान ताब्यात आहे, तर कार्ड आपल्या ताकदीच्या टोकाला आहे. तिथे सेटिंग कमी करणं किंवा मोठं कार्ड घेणं हाच उपाय. पहिली दहा मिनिटं सगळं झकास आणि मग तापमान चढता चढता वेग पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतोय, तर तो उष्णतेचा प्रश्न आहे. कार्ड ५०-६० टक्क्यांवर आरामात बसलंय आणि तरीही गेम अडखळतोय, तर आधी गेममधली फ्रेमची (सेकंदाला निघणाऱ्या चित्रांची) मर्यादा आणि व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद असल्याची खात्री करा. ती बंद असूनही हेच दिसत असेल तर अडचण प्रोसेसर, रॅम किंवा डिस्कमध्ये आहे. तिथे तीस हजारांचं कार्ड टाकलं तरी तेही तसंच बसून राहील. प्रोसेसरचा एकूण आकडा २५-३० टक्के दिसला म्हणून तो मोकळा आहे असंही समजू नये. प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे अनेक भाग, म्हणजे कोअर, असतात आणि गेमचं मुख्य काम अनेकदा एक-दोन कोअरवरच चालतं. त्यातला एक शंभर टक्क्यांवर अडकलेला असतो आणि बाकीचे रिकामे. टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख लावला की हे दिसतं.

सरासरीवरही विसंबू नका. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. त्यातली एखादी फ्रेम मध्येच ८० मिलिसेकंद घेऊन गेली तर सरासरी जेमतेम हलते, पण डोळ्याला झटका बसतो. म्हणून सरासरीसोबत ‘एक टक्का लो’, म्हणजे सर्वात हळू एक टक्का फ्रेमचा वेग, हा आकडाही लावून घ्या. सरासरी ७० आणि हा आकडा २० असेल तर त्या मशीनचं दुखणं कार्डाच्या ताकदीत क्वचितच असतं.

नाशिकमध्ये सर्वात आधी उष्णतेकडे बघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर उभं असतं. खोली जितके अंश चढेल, साधारण तितकेच अंश चिपही चढते. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ७२ अंशांवर चालणारं कार्ड एप्रिलच्या दुपारी ३६ अंशांच्या खोलीत ८६ कडे धाव घेतं. एनव्हिडिया कंपनीची बरीच डेस्कटॉप कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःहून वेग उतरवायला लागतात. म्हणजे थंडीत सुरळीत चाललेलं मशीन उन्हाळ्यात ‘खराब’ होतं, ते खराब न होताच. मग नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) टाकला, विंडोज पुन्हा टाकलं, असं सगळं होतं आणि जूनमध्ये पाऊस आला की गेम आपोआप सुधारतो. मात्र सगळे आकडे सारख्याच भीतीने वाचू नयेत. एएमडीच्या आरएक्स ५००० आणि ६००० मालिकेतल्या कार्डांवर ‘हॉटस्पॉट’चा, म्हणजे चिपच्या सर्वात तापलेल्या जागेचा, वेगळा आकडा दिसतो. कंपनीनेच त्याची मर्यादा ११० अंश ठेवली आहे. एएमडीच्याच रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर तर ९५ अंशांपर्यंत जाऊन काम करायलाच बनवलेले आहेत.

गरमीइतकाच धुळीचा त्रास. रस्त्यांची खोदकामं चालू असलेल्या भागात किंवा अंबड-सातपूरच्या बाजूला सहा महिन्यांतच मशीनवर थर बसतो. लॅपटॉपमध्ये हा थर कुठे बसतो ते नीट समजून घ्यायला हवं. बाहेरच्या जाळीतून पाहिलं तर आत सगळं स्वच्छ दिसतं. मागचं झाकण काढून पंखा उचलला की पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये करड्या रंगाची पट्टी दिसते, घोंगडीचा तुकडा कापून लावल्यासारखी. चिमट्याने धरली तर अख्खी निघते. हवा जायची वाट तिथेच बंद झालेली असते. म्हणून बाहेरून ब्लोअर मारण्यात अर्थ नाही. त्याने ती पट्टी मोडते आणि तुकडे पंख्यात जातात. झाकण उघडायचं, सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग पंख्याला हात लावायचा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला गेला तर वरच्या कीबोर्डला फुगवटा येतो.

डेस्कटॉपचं काम सोपं आहे. स्विच बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. रंगाचा मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर पुरतो. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, कारण भन्नाट वेगाने फिरलं तर त्याचं बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. कॅबिनेट संगणक-टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर तिथून बाहेर काढा. कप्प्यात स्वतःच टाकलेली गरम हवा ते पुन्हा ओढत राहतं. मागे वीतभर तरी जागा हवी. आपल्याकडे कूलर थेट कॅबिनेटकडे वळवून ठेवायची सवय आहे, ती मोडायला हवी. कूलरने खोली थंड झाली तर फायदाच आहे, पण ओली हवा सरळ आत गेली की धूळ चिखलासारखी पात्यांना चिकटते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर नको. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी अनेक लॅपटॉपचं तापमान चांगलं उतरतं.

मशीन तीन-चार वर्षांचं असेल तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बघा. वाळलेली पेस्ट भिंतीच्या चुन्यासारखी खपली होऊन निघते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पूर्ण पुसून काढावी. प्रोसेसरच्या झाकणावर हरभऱ्याच्या डाळीएवढी पेस्ट पुरते. ग्राफिक्स कार्डाची चिप उघडी असते, तिथे पूर्ण पृष्ठभागावर पातळ थर हवा. स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळायचे, एका बाजूने पूर्ण आवळत नेले तर चिपचा कोपरा फुटू शकतो. कार्डावरच्या मेमरीला लावलेले थर्मल पॅड (उष्णता वाहणाऱ्या मऊ चकत्या) फाटले तर त्याच जाडीचेच आणावेत. एक मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड लावला की हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. ‘पेस्ट बदलली आणि मशीन बिघडलं’ ही तक्रार आली की बहुतेक वेळा पॅडची जाडी तपासावी लागते.

सफाईनंतरही दुपारी वेग पडत असेल तर आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाला मिळणाऱ्या विजेची मर्यादा) १०० वरून ८० टक्क्यांवर आणून पाहा. वीज पाचव्या हिश्शाने घटते, गेमचा वेग मात्र त्या मानाने बराच कमी घटतो. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला ६० चित्रंच दाखवणारा, असेल तर फ्रेमची मर्यादा ६० वर बांधून टाका. दिसणारच नाहीत अशा जादा फ्रेम काढण्यासाठी कार्ड का तापवायचं?

उष्णतेखालोखाल नुकसान रॅमच्या एकट्या पट्टीने होतं आणि इथे दुकानदारांची जबाबदारी मोठी आहे. डीडीआर-४ ची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती वाहते. दोन पट्ट्या दोन चॅनेलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या रस्त्यांवर) बसवल्या की तोच आकडा ५१.२ होतो. वेगळं कार्ड नसलेल्या मशीनमध्ये ग्राफिक्सचं सगळं काम याच रस्त्याने चालतं, त्यामुळे तिथे फरक डोळ्याला दिसण्याइतका पडतो. इंटेलच्या ज्या लॅपटॉपवर ‘आयरिस एक्सई’ असं मिरवलं जातं, त्यात एकच पट्टी असली तर विंडोज त्याच चिपचं नाव साधं ‘यूएचडी’ दाखवतं, कारण दोन चॅनेल ही त्या नावाची अटच आहे. तेव्हा १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. चार खाचांच्या मदरबोर्डवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसवा. शेजारी-शेजारी लावल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, चालू करा. ते बंद असेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रांगत राहते आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ताही लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग आणि भरलेल्या खाचा दोन्ही लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे.

काही चुका तर इतक्या साध्या की सांगताना संकोच वाटतो, पण त्या रोज होतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी वर मदरबोर्डच्या खाचेत खोचलेली असते, आणि महागडं कार्ड आत नुसतं बसून राहतं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० वरच राहिलेला असतो. तो आकडा दिसतच नसेल तर जुनी एचडीएमआय केबल काढून डिस्प्लेपोर्ट लावा. लॅपटॉपवर गेम चार्जर न लावता, किंवा मोबाइलच्या टाइप-सी चार्जरवर खेळला जातो. दोनशे वॅटच्या अडॅप्टरचं काम ६५ वॅटचा चार्जर करणार नाही. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये सेटिंग, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ लावावं लागतं.

आता गेममधली सेटिंग. सगळंच एकदम ‘लो’ करून चित्र भकास करायची गरज नसते. सावल्या, धुकं, प्रतिबिंबं आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) ही चार माणसं सर्वात जास्त खातात, आधी त्यांचं ताट कमी करा. सावल्या ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आणल्या तर खेळताना फरक शोधावा लागतो. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग मात्र १६ वरच ठेवा, त्याचा भार नगण्य आणि लांबचे रस्ते-जमिनी स्वच्छ दिसतात. टेक्श्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांचा, हिशेब वेगळा आहे. कार्डाच्या मेमरीत मावतंय तोवर ते वेगाला फारसा धक्का लावत नाही. ज्या क्षणी मावेनासं होतं, त्या क्षणी कार्डाला माहिती मुख्य रॅममधून ओढावी लागते आणि मान वळवली की गेम थांबतो. ४ जीबीच्या कार्डावर, म्हणजे जीटीएक्स १६५० किंवा १०५० टीआयवर, नव्या गेमांत ‘मीडियम’ टेक्श्चर हीच खरी मर्यादा समजावी. आरएक्स ६५०० एक्सटीची गोष्ट आणखी अडचणीची. त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या, चारच लेन आहेत. तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर तो रस्ता अर्धा होतो आणि मेमरी भरली की हे कार्ड जास्तच अडखळतं. जुन्या मशीनसाठी ते घेणाऱ्याला दुकानात ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे.

रिझोल्यूशनमध्ये सर्वात मोठी बचत आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. १६०० गुणिले ९०० केलं की १४,४०,०००. जवळपास तिसरा हिस्सा काम कमी. पण थेट रिझोल्यूशन उतरवलं तर अक्षरंही धूसर होतात. त्याऐवजी चित्र आत लहान तयार करून पडद्याएवढं मोठं करणारी एफएसआर किंवा डीएलएसएस ही सोय वापरा. डीएलएसएसला एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्डच लागतं. एएमडीने २०२१ मध्ये आणलेलं एफएसआर आणि त्याच्या पुढच्या दोन पिढ्या मात्र जुन्या, दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरही चालतात. १०८० च्या पडद्यावर ‘क्वालिटी’ निवडलं की आतलं चित्र १२८० गुणिले ७२० वर तयार होतं. ‘परफॉर्मन्स’ निवडलं तर ९६० गुणिले ५४० वर, आणि तिथे झाडाची पानं, तारा, जाळ्या थरथरायला लागतात. १०८० वर आम्ही तरी ‘क्वालिटी’च्या खाली जायला सांगणार नाही. फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेली फ्रेम घालणं, याबद्दलही गैरसमज आहे. मुळात ६० च्या आसपास फ्रेम मिळत असतील तरच ते चालू करा. २५ फ्रेमच्या ५० दाखवल्या तरी माउस हलवल्यावरचा उशीर तसाच राहतो, किंबहुना थोडा वाढतो.

कार्ड रिकामं आणि प्रोसेसर दमलेला असेल तर वरचं काहीच कामी येत नाही. तिथे दूरवरचं दृश्य, गर्दी आणि भौतिक परिणाम कमी करायचे, मागे उघडी ठेवलेली ब्राउझरची वीस पानं बंद करायची. गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर नवा प्रदेश लोड होताना धक्के बसणारच. एसएसडीने सरासरी फ्रेम वाढत नाहीत, पण हे धक्के जातात. नवा गेम किंवा नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिला अर्धा तास गेम अडखळला तर घाबरू नका, तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात.

जुन्या कार्डवाल्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेसाठी नव्या गेमांकरता ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. त्यामुळे १०६० वर जुने गेम पूर्वीसारखेच चालतील, नव्या गेमात मात्र ‘नवा ड्रायव्हर टाकून देतो’ या आश्वासनाला अर्थ उरलेला नाही. जीटीएक्स १६५० या यादीत येत नाही.

‘गेम बूस्टर’ नावाचे प्रोग्राम आणि पेनड्राइव्हवरून टाकून दिलं जाणारं ‘गेमिंग विंडोज’ यांच्यापासून मुलांना लांब ठेवा. दुसऱ्यात तर अनेकदा विंडोजचं संरक्षण आणि अपडेट कापून टाकलेले असतात, आणि त्याच मशीनवर आई-वडील बँकेचे व्यवहार करतात. चोरीच्या गेमसोबत येणारे मायनर, म्हणजे गुपचूप दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणारे, प्रोग्राम कार्डच राबवून घेतात. काहीही उघडलेलं नसताना पंखा घोंगावतोय आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतोय, तर संशय घ्याच.

एवढं सगळं करूनही कार्ड लागणारच असेल तर जरूर घ्या, पण एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बघून घ्या. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. खरा आकडा लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात असतो. तिथे १८ अ‍ॅम्पिअर असतील तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅटच. त्यातच प्रोसेसर आणि कार्ड दोघांनी भागवायचं. कार्डाला वीज देणारा आठ पिनचा जोड १५० वॅटसाठी असतो. तो नसेल तर जुन्या मोलेक्स वायरला कन्व्हर्टर लावून काम भागवू नये, ती वायर वितळते. गेम ऐन रंगात असताना पडदा काळा होऊन पंखे जोरात सुटत असतील तर कार्ड गेलं म्हणण्याआधी एसएमपीएस बदलून बघावं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, हेही ध्यानात असू द्या. अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला सांगा : न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला तर आधी घराचं काम करून घ्या. जुनं कार्ड घेणाऱ्यांनी वीस मिनिटांची चाचणी समोर करून घ्यावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि वर्षानुवर्षं अहोरात्र राबलेली असंख्य कार्डं बाजारात आली, त्यातली काही अजूनही हातोहात फिरतायत.

शहरातल्या विक्रेत्यांना आमची कळकळीची विनंती आहे. गिऱ्हाइकाने कार्ड मागितलं की आधी त्याच्या जुन्या मशीनवर वीस मिनिटं गेम चालवा आणि फ्रेम, तापमान, कार्डाचा टक्का हे तीन आकडे त्याला कागदावर लिहून द्या. नवं कार्ड बसवल्यावर तेच तीन आकडे पुन्हा लिहा. पक्क्या बिलावर रॅमच्या पट्ट्यांची संख्या आणि एसएमपीएसच्या १२ व्होल्टचे अ‍ॅम्पिअर नोंदवा. सफाई आणि पेस्टची मजुरी खुशाल लावा, ती कष्टाची आहे आणि लोक आनंदाने देतील. तंत्रनिकेतनं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मे महिन्यात एखादा रविवार अशा तपासणीला दिला तर विद्यार्थ्यांचाही हात बसेल.

पालकांनी या आठवड्यात एवढं करावं : मुलाला दुपारी दोन वाजता आणि रात्री अकरा वाजता तोच गेम, त्याच सेटिंगवर, वीस-वीस मिनिटं खेळू द्यावा आणि शेवटच्या मिनिटातलं तापमान व फ्रेम वहीत लिहून घ्याव्यात. दोन्ही वेळच्या फ्रेममध्ये मोठी तफावत आली तर दुकानात कार्ड मागू नका, ब्रश मागा.

आपले,
संगणक दुरुस्तीचं काम करणारे काही तंत्रज्ञ, नाशिक